आईच्या चर्चला कल्ट म्हणून बसले, आता भाचीच्या बाप्तिस्म्याला जाऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी २९ वर्षांची, मूळची अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर), नोकरी पुण्यात. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, आजी मिशनच्या शाळेत शिकलेली, आई अजूनही मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) क्वायरमध्ये गाते, दर शनिवारी संध्याकाळी प्रॅक्टिस. ही कॉलेजसाठी पुण्यात आली तेव्हा होस्टेलवरच्या मैत्रिणीबरोबर एका 'फेलोशिप'ला जायला लागली. चर्च नव्हतं ते, एका फ्लॅटमध्ये भरायचं आणि चालवणाऱ्याला सगळे ब्रदर म्हणायचे. सुरवातीला खूप माया लावली. मग घरून येणाऱ्या पैशातला दशांश द्यायचा, मग कुणाकुणाशी बोलतेस ते सांगायचं, मग सगळ्यांसमोर उभं राहून पापं कबूल करायची, मग घरी फोन कमी कर कारण घरचे फक्त 'नावाचे ख्रिस्ती' आहेत. शेवटी थायरॉइडच्या गोळ्या बंद करायला लावल्या, विश्वास असेल तर देव बरं करेल म्हणून, आणि काही महिन्यांनी तिला ॲडमिट व्हावं लागलं. दोन वर्षांनी ती बाहेर पडली, त्या दिवसापासून तिथलं एकही माणूस तिच्याशी बोललेलं नाही. नंतर तिने कल्टवरचे खूप व्हिडिओ बघितले आणि तिचं मत झालं की तो फ्लॅटच काय, आख्खा ख्रिस्ती धर्मच एक कल्ट आहे, फक्त जुना आणि मोठा. ईस्टरच्या जेवणाला हे आईला तोंडावर म्हणाली. आई ताटावरून उठली. चार महिने झाले, कामापुरतंच बोलते. आता भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे आणि भावाने हिलाच धर्ममाता (बाप्तिस्म्यात मुलीसाठी वचनं देणारी) हो म्हणून विचारलंय. तिचा प्रश्न, माझं चुकलं का, आणि जाऊ का?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सगळ्यात आधी हे सांगते की त्या फ्लॅटमध्ये तुझ्यावर जे बेतलं ते खरंच वाईट होतं, तू वाढवून सांगत नाहीयेस, आणि तू मूर्खही नव्हतीस. घर सोडून पहिल्यांदा शहरात आलेल्या मुलीला कुणी रोज जेवलीस का विचारतं, वाढदिवस लक्षात ठेवतं, परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारी बसून प्रार्थना करतं, तर ती तिथे जाणारच गं. मीही गेले असते. त्या फ्लॅटला तू कल्ट म्हणालीस तर मीही तेच म्हणेन.

पण पत्रात हा शब्द तू दोन जागांना लावलायस, एकदा त्या फ्लॅटला आणि एकदा आईच्या मंडळीला, आणि दोन्ही वेळा अगदी सारख्याच खात्रीने. मला तिथेच थांबून तुझ्याशी बोलायचंय.

आधी शब्दाचंच बघ. आपल्या मराठीत याला नेमका शब्द नाहीच. पंथ म्हटलं, संप्रदाय म्हटलं तर कुणाला राग येत नाही, वारकरी संप्रदाय, महानुभाव पंथ, नाथपंथ, ही सगळी मानाची नावं आहेत. बुवाबाजी म्हणावं तर त्यात एका माणसाची लबाडी दिसते पण आख्ख्या गटाने मिळून एखाद्याला कसं आवळलं ते दिसत नाही. म्हणून आपण कल्ट हा शब्द इंग्रजीतून उचलला आणि त्याच्यासोबत त्यातलं विषही आलं. मुळात लॅटिनमधला कुल्तुस म्हणजे नुसती पूजा, उपासना. फ्रेंचमध्ये आजही कुल्त म्हणजे साधा धर्म किंवा उपासना, सरकारी कागदावरसुद्धा, आणि वाईट गटाला ते सेक्त म्हणतात. म्हणजे एका भाषेतली शिवी दुसरीकडे सरकारी शब्द. यावरून एवढंच कळतं की शब्द फेकण्याआधी त्यातून आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते स्वतःला विचारावं लागतं.

तुझा सगळ्यात जोरदार मुद्दा हा आहे की कल्ट आणि धर्म यात फरक फक्त वयाचा आणि गर्दीचा, नवा आणि छोटा असेल तर कल्ट, जुना आणि मोठा झाला की धर्म. या मुद्द्यात दम आहे, मी तो उडवून लावणार नाही. इसवी सन ११२ च्या आसपास प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर होता, आजच्या उत्तर तुर्कस्तानात, त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. हे लोक पहाटे उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, नंतर एकत्र जेवतात, आणि जेवण साधंच असतं, एवढं त्याला चौकशीत कळलं. ते कळावं म्हणून त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला. आणि तरी निष्कर्ष काय काढला तर ही एक अतिरेकी अंधश्रद्धा आहे. आज आपण जो शब्द वापरतोय तो तेव्हा असता तर प्लिनीने तोच वापरला असता. नवे, गरीब, विचित्र वाटणारे लोक, एवढ्यावर त्याने ठरवून टाकलं. म्हणजे वय आणि आकार हे माप खोटं आहे हे तुझं बरोबर. पण मग ते दोन्ही बाजूंनी खोटं आहे ना? लहान आहे म्हणून कल्ट ठरत नाही तसं मोठा आहे म्हणून सुटतही नाही, आणि मोठा आहे म्हणून 'मोठा कल्ट' हेही ठरत नाही. माप दुसरंच हवं.

माझ्या मते माप हे की गट माणसाशी वागतो कसा. तो काय मानतो हे नंतर. प्रश्न विचारला तर काय होतं, पैशाचा हिशोब कोण बघतं, घरच्यांशी, डॉक्टरशी, बाहेरच्या मित्रांशी बोलू देतात का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे सोडून जायचं म्हटलं तर काय होतं.

जोन्सटाउनचे व्हिडिओ तू बघितलेस म्हणतेस म्हणून तेच उदाहरण घेते. जिम जोन्सचं पीपल्स टेंपल हे काही जंगलात उगवलेलं नव्हतं, ते अमेरिकेतल्या डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या चांगल्या रुळलेल्या प्रोटेस्टंट संघटनेशी जोडलेलं होतं. त्यात सामील झालेल्यांमध्ये कितीतरी कृष्णवर्णीय गरीब कुटुंबं होती, जिथे गोरे-काळे एका बाकावर बसतात असं चर्च त्यांना पहिल्यांदा मिळालं होतं. ते वेडे नव्हते, त्यांना जे हवं होतं ते अगदी रास्त होतं. घात पुढे झाला. माणसं दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात, जोन्सटाउनला नेली, पासपोर्ट काढून घेतले, पत्रं तपासायला लागले, लाउडस्पीकरवर दिवसरात्र त्याचाच आवाज, आणि परत जायचं नाव काढलं की गद्दार. १८ नोव्हेंबर १९७८ ला ९१८ माणसं मेली, त्यातली ३०० च्या वर लहान मुलं. आणि जोन्स स्वतः पुढे पुढे बायबललाच नावं ठेवायचा. आता याच्या शेजारी जपानचं ओम शिनरिक्यो ठेव, तिथे पाया योग आणि बौद्ध धर्माच्या सरमिसळीचा, १९८९ मध्ये रीतसर नोंदणी झालेला धर्म, आणि १९९५ मध्ये त्यांनी टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला. श्रद्धा एकमेकांपासून कोसभर लांब, पण आत माणसाला आवळायची पद्धत सारखी. म्हणून म्हणते, दोष शोधायचा तर त्या पद्धतीत शोध.

आणि ही पद्धत मुख्य धर्माच्या पोटातही बसू शकते बरं का, हे मी लपवणार नाही. मार्सियाल मासिएल नावाच्या मेक्सिकन पाद्र्याने १९४१ मध्ये लीजन ऑफ क्राइस्ट ही कॅथलिक संस्था काढली, खूप मोठी झाली, पोपच्या मर्जीतली. तिथे आत येणाऱ्याला एक खाजगी शपथ घ्यावी लागायची की वरिष्ठांवर कधी टीका करणार नाही, आणि कुणी करताना दिसला तर कळवीन. त्या शपथेच्या आडोशाला त्याने वर्षानुवर्षं मुलांवर अत्याचार केले. २००६ मध्ये व्हॅटिकनने त्याला बाजूला केलं, नंतर ती शपथही रद्द झाली. हे वाचून मला तुझा फ्लॅटच आठवला, कुणाशी बोलतेस ते सांग, दुसरी कोण कुरकुर करते ते सांग. कॅथलिक चर्च कल्ट आहे का या प्रश्नापेक्षा ती संस्था त्या वर्षांत कशी चालली होती हा प्रश्न जास्त उपयोगाचा, कारण त्याला उत्तर आहे आणि त्या उत्तरावर काहीतरी करता येतं.

आपल्या महाराष्ट्राच्या कायद्याने नेमका हाच रस्ता धरलाय. ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि जो २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर आला तो जादूटोणाविरोधी कायदा काढून वाच, त्यात कुठल्या धर्माचं नाव गुन्हेगार म्हणून नाहीये. कृत्यांची यादी आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हे त्यातलं एक. आणि प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, प्रवचन, मंदिर-दर्गा-गुरुद्वारा-चर्चमधली प्रार्थना, ज्यातून कुणाला इजा किंवा लुबाडणूक नाही, ती स्पष्टपणे सोडून दिलीये. मला हा फार शहाणपणाचा कायदा वाटतो.

आता हेच प्रश्न तुझ्या दोन जागांना लाव, आणि उत्तरं तुझ्याच पत्रातली घे. फ्लॅटमध्ये प्रश्न विचारला की 'तुझ्यात सैतान बोलतोय'. आईच्या मंडळीत, तूच लिहिलंयस, वार्षिक मीटिंगला हिशोब वाचतात आणि छपराच्या खर्चावरून दोन तास भांडणं चालतात. फ्लॅट सोडलास तर त्याच रात्री सगळ्यांनी नंबर ब्लॉक केला. आणि तुझा दादा सहा वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता, तरी तो आजारी पडल्यावर पाळक (चर्चचे धर्मगुरू) घरी आले, चहा प्यायले, गप्पा मारल्या आणि कधी येतोस असंही विचारलं नाही. फ्लॅटने गोळ्या बंद केल्या, आणि तू ॲडमिट होतीस तेव्हा डबा मंडळीतल्या काकूंनी आणला. दोन्हीकडे तोच येशू, तेच बायबल, कदाचित गाणीही तीच. पण तुझ्या जिवाला धोका एकीकडेच होता. या दोन्हीला एकच नाव दिलंस तर त्या फ्लॅटचा गुन्हा हलका होतो गं. 'सगळेच तसे' म्हटलं की ब्रदर आरामात सुटतो. उद्या तिथे जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मुलीला सावध करायला तुझ्याकडे शब्दच उरत नाही, कारण तो तू दोनशे कोटींवर लोकांना वाटून टाकलायस.

मंडळीबद्दल तुझ्या ज्या तक्रारी आहेत त्या मात्र सोडू नकोस. सातव्या वर्षी संडे स्कूलमध्ये नरकाचं वर्णन ऐकून तू महिनाभर रात्री उठून रडायचीस, ही खरी तक्रार आहे. दशांश न देणाऱ्या बाईबद्दल कुजबुज झाली, हीसुद्धा. त्या त्यांच्या नावाने मांड, 'मुलांना भीती दाखवून शिकवू नका' असं. बॉस्टनमध्ये मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांना एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये नुसतं हलवत होते हे २००२ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने बाहेर काढलं आणि वर्षअखेरीला तिथले आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना पायउतार व्हावं लागलं. त्याला कल्ट म्हटलं असतं तर वाटलं असतं हे कुठल्यातरी बाहेरच्या माथेफिरूंचं काम. ते काम नेहमीच्या ऑफिसात, नेहमीच्या लेटरहेडवर, शिकल्यासवरल्या लोकांनी केलं होतं, आणि ते तसंच सांगितलं म्हणून बदल झाला.

तू ब्रेनवॉश हा शब्दही वापरलायस, आईचं लहानपणापासून ब्रेनवॉशिंग झालंय असा. लहानपणी घरात जे शिकवलं जातं त्या सगळ्याला हा शब्द लावला तर माझंही झालंय, पंढरीची वारी करणाऱ्या घरात वाढले मी. आयलीन बार्कर म्हणून ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ७० च्या दशकात मूनपंथीयांचा (कोरियाच्या सन म्युंग मून यांच्या अनुयायांचा) जवळून अभ्यास केला, जेव्हा सगळे म्हणत होते की तिथे गेलं की माणूस संपला. त्यांना दिसलं की त्या शिबिरांना गेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पंथात गेलेच नाहीत, आणि गेलेल्यांतलेही कितीतरी नंतर आपल्या पायांनी बाहेर आले. तूही आलीस. हॉस्पिटलच्या बेडवर पडून तू ठरवलंस की गोळ्या घ्यायच्या आणि तिथे परत जायचं नाही. तो निर्णय तुझा होता, तुझं डोकं कुणी पूर्ण नेलेलं नव्हतं. मग आईचं डोकं तरी कुणी नेलंय असं का धरायचं?

आणि आता आई. माझ्या मते त्या ताटावरून उठल्या त्या धर्मशास्त्रावरून नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं, त्यात शाळा आल्या, मुलींच्या शाळा आल्या, ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं ते एका सतरंजीवर बसायला लागले. तू लिहितेस आजी घराण्यातली पहिली शिकलेली बाई. आईच्या मनात मंडळी म्हणजे तिची ती आई, जी पाटी घेऊन शाळेत गेली. तू कल्ट म्हणालीस तेव्हा त्यांना ऐकू आलं की तुझी आई फसली होती, तिला कळत नव्हतं. शिवाय आज आपल्याकडे मराठी ख्रिस्ती माणसाला 'तुम्ही बाटलेले, पैशासाठी गेलेले' हे बाहेरून ऐकावंच लागतं. तेच पोटच्या पोरीकडून, सणाच्या दिवशी. मला लिहितानाही वाईट वाटतंय.

श्रद्धा उरली नाही तर नाही उरली, त्यासाठी तुला कुणाची परवानगी नको. पण एका बाईचं सांगते तुला. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्या, आणि दोन वर्षं उलटतायत तोवर तिथल्याच एका सिस्टरशी त्यांची पत्रातून जुंपली. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मला पटत नाही, पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने फेकलंय, आता दुसरं जू मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. आणि तरी त्या ख्रिस्ती राहिल्या, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. मुकाट मानायचं नाहीतर सगळं जाळून निघायचं, या दोहोंच्या मधेही भरपूर जागा असते हे तुझ्याच परंपरेत आहे. तू त्यात राहा किंवा राहू नकोस.

आता करायचं काय. धर्ममाता होऊ नकोस. तिथे मंडळीसमोर उभं राहून मोठ्याने वचनं द्यावी लागतात, मुलीला या विश्वासात वाढवीन म्हणून, आणि तू ज्यातून गेलीयेस त्यानंतर न पटणारे शब्द लोकांसमोर परत एकदा म्हणू नयेस असं मला कळकळीने वाटतं. दादाला फोनवर साधं सांग, मला खोटं वचन द्यायचं नाहीये पण आत्या मी आहेच. बाप्तिस्म्याला मात्र जा. मागच्या बाकावर बस, उभं राहायच्या वेळी उभी राहा, प्रार्थना म्हणाविशी नाही वाटली तर गप्प राहा, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेऊ नकोस, कुणी विचारणार नाही. ती गाणी ऐकून छातीत धडधड झाली, आणि होऊ शकते, फ्लॅटमध्ये हीच गाणी होती ना, तर बाहेर अंगणात ये. एखाद्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की त्या वेळी फोन लागू दे.

आईची माफी माग, पण फक्त त्या शब्दाची. मत बदललं असं खोटं सांगू नकोस. असं काहीतरी म्हण की 'आई, माझ्याशी त्या लोकांनी जे केलं त्याचा राग मी तुझ्यावर काढला, तुझी मंडळी तशी नाही, मला काही गोष्टी अजून पटत नाहीत पण ते वेगळं.' आणि मग त्या दोन वर्षांचं तिला सांग. पत्रावरून वाटतंय की गोळ्यांचं तू तिला आजवर सांगितलेलंच नाहीयेस. आणि रात्री झोप लागत नाही लिहिलंयस, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तिथे तरी एकदा बोल.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरचं कुणी आत्ता अशा गटात आहे, मग तो गट कुठल्याही देवाच्या नावाने चालो, त्यांच्यासाठी थोडं. आम्ही माझ्या मावशीच्या बाबतीत फार मोठी चूक केली. ती एका मठात जायला लागली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला सुनावलं, नादी लागलीस, अक्कल गहाण टाकलीस, आता तो महाराज तरी निवड नाहीतर आम्ही. तिने महाराज निवडला. नऊ वर्षं. तिथे तिला रोज सांगतच होते की घरचे तुला तोडतील, आणि आम्ही ते खरं करून दाखवलं. म्हणून कल्ट हा शब्द त्या माणसासमोर काढू नका, वाद घालू नका, फोन चालू ठेवा, जेवायला बोलवा, सणाला बोलवा, जुन्या मैत्रिणींना भेटवा. रोख पैसे हातात देऊ नका, फी किंवा भाडं थेट भरा. काय काय घडतंय ते तारखेसकट लिहून ठेवा. औषध बंद केलंय असं कळलं तर त्या दिवशी मात्र गप्प बसू नका, डॉक्टरला मधे घ्या. मारहाण, डांबून ठेवणं असेल तर सरळ पोलिसात जा, आणि लहान मूल असेल तर १०९८ ला फोन करा. जादूटोणाविरोधी कायद्यात बसणारं कृत्य असेल तर त्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो, पोलिस स्टेशनला गेलात की त्याच्याबद्दल विचारा.

आणि तू, बाळाला आत्याकडून झबलं-टोपडं लागेल, ते आईलाच विचारून घे, कुठलं घेऊ म्हणून. शनिवारी संध्याकाळी क्वायरची प्रॅक्टिस असते म्हणालीस, म्हणजे तेव्हा नको, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती घरी असेल, तेव्हा फोन लाव.